चौथ्या ट्रॅकवरचा ऑर्गन

दादाने झाकण आपटलं तेव्हा धाकट्याचा उजवा हात अजून ऑर्गनच्या पट्ट्यांवरच होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काटकीसारखी मोडली.

"वाजव आता!" दादा ओरडला. "वाजव ना!"

दादा बँडचा गायक. त्यांचं सायकेडेलिक रॉक ऐकताना पोरं हॉलभर डोळे मिटून डुलायची, मागच्या भिंतीवर रंगीत दिवे वितळल्यासारखे फिरायचे आणि मधोमध दादा उभा. धाकटा सहा वर्षं त्याच्या मागे, ऑर्गनच्या आड. पोस्टरवर त्याचं फार तर कोपर यायचं. पण त्या रंगांना सूर द्यायचा तो. आता स्टुडिओत रेकॉर्ड होत असलेल्या गाण्यात तर त्याने टेप उलटी घालून, गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे चालवत त्यावर ऑर्गन वाजवला होता. टेप सुलटी केली की एकेक सूर विरण्याऐवजी कुठूनतरी फुगत यायचा आणि अंगावर काटा आणायचा. सहा वर्षांत एवढी एकच गोष्ट त्याची स्वतःची होती.

सकाळी रेकॉर्ड कंपनीचा माणूस ते ऐकून गेला. "गाणं ठीक आहे," तो म्हणाला, "पण हा ऑर्गनवाला कोण हो?"

झालं! दादाच्या घशात गाठ होती, उद्या ऑपरेशन. नंतर गाता येईल याची हमी डॉक्टर देत नव्हते. म्हणून हे गाणं तो जीव ओतून गायला होता, आणि लोक विचारत होते ऑर्गनवाल्याला.

दुपारी रेकॉर्डिस्ट जेवायला गेला. धाकट्याने शेवटचा तुकडा सुधारायला टेप पुन्हा उलटी घातली आणि तेवढ्यात दादा आत आला. आधी स्पीकर लाथेने पाडले, त्यांच्या वायरी उपटल्या. मग ते झाकण.

"पुसून टाकतो तुझं सगळं," तो मशीनकडे वळला. "चौथा ट्रॅक ना तुझा?"

टेपवर चार ट्रॅक शेजारी शेजारी असतात. पहिल्यावर दादाचा आवाज होता, चौथ्यावर ऑर्गन. पण टेप उलटी घातली की पहिला चौथ्याच्या जागी जातो आणि चौथा पहिल्याच्या. धाकट्याला हे पाठ होतं. दादाला मशीनवरची फक्त ट्रॅक पुसायची लाल बटणं ठाऊक.

"दादा, थांब, टेप..."

दादाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात ओठात घुसला. माइकचा लोखंडी स्टँड उचलून त्याने बरगडीत हाणला, एकदा, दोनदा. धाकटा गादी लावलेल्या भिंतीशी कोसळला. दादाने चौथं लाल बटण दाबलं, दुसऱ्या हाताचं बोट टेप सुरू करायच्या बटणावर ठेवलं आणि मागे पाहिलं.

"बोल. अजून काही सांगायचंय?"

धाकट्याने तोंडातलं रक्त गिळलं. लहानपणी ताप आला की दादा याच आवाजात गाऊन त्याला झोपवायचा. ते त्याला आठवलं, अगदी त्याच क्षणी.

"नाही," तो म्हणाला.

चाकं फिरली. साडेपाच मिनिटं दोघे भाऊ ती बघत राहिले.

रेकॉर्डिस्ट परतला, रक्त बघून हादरला, तरी सवयीने आधी टेप सुलटी केली, वायरी जोडल्या आणि मशीन सुरू केलं. ड्रम आले. ऑर्गन फुगत आला. आपली ओळ येणार तिथे दादाने हाताने ठेका धरला. ओळ आली नाही. तो स्पीकरला कान लावून दुसऱ्या ओळीची वाट बघत राहिला, मग तिसऱ्या.

संध्याकाळी कंपनीने टेप आहे तशीच उचलली. कव्हर आधीच छापलेलं होतं. त्यावर दादाचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत फक्त त्याचं नाव. रेकॉर्ड तुफान चालली.

आता दादा नुसता कुजबुजतो. धाकट्याची दोन बोटं वाकत नाहीत, तो वाजवत नाही. रविवारी दोघे ती रेकॉर्ड लावून बसतात आणि ऑर्गन सुरू झाला की दादा दर वेळी विचारतो, "त्या दिवशी तू मला काय सांगत होतास रे?"

"काही नाही, दादा. ऐक."