काचेवरची गावं

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. कोणत्या कंपनीचा, कोणत्या सालचा, ते मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही. टेबलावर बसणारा नव्हे बरं; जमिनीवर कमरेइतका उभा राहणारा, सागवानी पेटीचा. नानाजींच्या वडिलांनी मला नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतलं आणि बैलगाडीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरून कुहीला, आपल्या गावी नेलं. धानाचे भाव, बातम्या, भजनं, काय नाही ऐकवलं मी! अर्धं गाव ओसरीवर जमायचं. काटा फिरवण्याचा मान पोरसवदा नानाजींचा.

आता नागपुरात, नंदनवन वस्तीतल्या घरात मी पंचवीस वर्षांपासून मुका उभा आहे. माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. रविवारी नवा सोफा येणार, त्याला जागा हवी, म्हणून नानाजींचा मुलगा सुशील म्हणाला, "बाबा, अनंतराव जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी ओळखला तर किंमत समजंल, पार्टही भेटतील, मग ठेवू. नाही तर कबाडीले देऊन टाकू."

नानाजींना मला पुन्हा एकदा तरी बोलताना ऐकायचं होतं. अनंतराव येणार म्हणून सकाळीच त्यांनी माझ्या डायलची काच काढली आणि साबणाच्या पाण्यानं आतूनबाहेरून घासली. नजर अधू, हात मायेचा. माझी सगळी ओळख, कंपनीचं नाव आणि स्टेशनांची गावं, त्या काचेच्या आतल्या बाजूला रंगानं छापलेली होती हो! कंपनीचं नाव गेलं. दिल्ली गेली, कलकत्ता गेलं, नागपूर गेलं. मला ओरडायचं होतं. कसा ओरडणार, सांगा.

अनंतरावांनी आधी माझी पाठ पाहिली. तिथला मॉडेल नंबराचा कागद उंदरांनी केव्हाच खाल्लेला. मग काच उजेडात धरली. "नानाजी, ही कोणी धुतली?"

"मीच," नानाजी खुशीत म्हणाले. "पाहा, कशी चमकून राहिली."

"अक्षरं आतून असतात हो. गेली सगळी. आता काय म्हणून ओळखू, आणि किंमत तरी काय सांगू?"

नानाजींनी कोऱ्या काचेवर बोट टेकलं. "हे नागपूर. इथं दिल्ली." बोट अगदी जागच्या जागी होतं.

"तुम्हाला दिसतं, नानाजी," अनंतराव हळूच म्हणाले. "घेणाऱ्याला नाही दिसणार."

सुशीलनं कबाडीवाल्याला फोन लावला.

नानाजी माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. "मीच तुह्यं नाव पुसलं गा," म्हणाले आणि रडले. एकेकाळी मी या माणसाशी रोज बोललो, पण 'राहू द्या, नानाजी' एवढं माझ्यानं म्हणवलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पाणी लावण्याआधी जाणत्याला विचारा. आणि घरात कुणाच्या हातून मायेपोटी काही बिघडलं, तर 'राहू द्या' म्हणा. तुम्हाला बोलता येतं.