तो बोलला का?

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लाँड्रीवाल्या मावशींनी स्पॅनिश शिकायला घेतली, तेव्हा शेजारच्या न्हाव्याने विचारलं, "मावशी, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच का?" एरवी त्यांनी त्याची बिनपाण्याने केली असती. या वेळी त्यांनी नुसता पुढचा शर्ट टेबलावर ओढला.

मुलाने परदेशात तिथलीच मुलगी केली, म्हणून मावशींनी दोन वर्षं अबोला धरला होता. त्याचे फोन यायचे, या उचलायच्या नाहीत. मग त्याला अपघात झाला. दोन दिवस हॉस्पिटलात शुद्धीवर होता, आणि गेला. आता सुनेला एकच विचारायचं होतं: त्या दोन दिवसांत तो माझ्याबद्दल बोलला का?

मोबाइल भाषांतर करून देतो म्हणे. पण आईचा हा प्रश्न यंत्राने विचारायचा? छे!

समोरच्या क्लासातल्या बाई म्हणाल्या, "'बोलणं' हे एकच क्रियापद घ्या. त्याचा भूतकाळ पाठ झाला की पुष्कळशी त्याच वळणाने जातात."

कपड्यांना लावायच्या सहा चिठ्ठ्यांवर मावशींनी सहा रूपं लिहिली आणि इस्त्रीच्या टेबलासमोर टाचली. शर्टावर इस्त्री फिरवत घोकायच्या: आब्ले, मी बोलले. आब्लास्ते, तू बोललास. आब्लो, तो बोलला. पहिल्या चिठ्ठीपाशी दरवेळी जीभ अडखळायची, कारण ते खोटं होतं.

एकदा 'आब्लो' गिऱ्हाइकाच्या कॉलरला लागून गेली. साहेब परत आले. "मावशी, हा माझा नंबर नाही."

"माझा आहे," म्हणत मावशींनी चिठ्ठी काढून घेतली.

रविवारी सुनेचा व्हिडिओ कॉल लागला. मावशींनी खणखणीत विचारलं, "आब्लो दे मी?"

सून बोलतच सुटली. रडत होती, नाक पुसत होती, मधेच हसलीसुद्धा. मावशी कानांत प्राण आणून ऐकत होत्या. महिनाभर प्रश्नाची तयारी केली. उत्तराचीही करावी लागते, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्या लोंढ्यात एकच शब्द हाती लागत होता. आब्लो. पुन्हा आब्लो. तो बोलला होता, बरंच काही बोलला होता.

"हळू गं बाळा, हळू," मावशी आपल्या भाषेत कळवळल्या.

सुनेला वाटलं, सासूबाई धीर देताहेत. ती आणखी भरभर बोलू लागली, आणि मावशी सगळं कळल्यासारखी मान डोलावत राहिल्या.