बिनतारी उखाणा

हे तुमच्यापैकी कुणालाही खरं वाटणार नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेमधे एकमेकांकडे बघून हसायचे तुमचे कष्ट वाचतील. माझ्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सध्या चौथी खोली आहे. ती दिवाळीनंतर आली. तिला जागा लागते आणि ती जागा ती बाकीच्या तीन खोल्यांतून घेते. म्हणून आज असं गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतंय. शहापुरे, पाय जरा आत घ्या. इनामदारबाई, बशी माझ्या मांडीवर ठेवलीत तरी चालेल.

"मागच्या वेळी तुम्ही कृष्णेत मगरीच्या पाठीवर साखळी ठेवून मोजणी केली होती," शहापुरे मास्तर म्हणाले.

ती गोष्ट अर्धी खरी होती. ही सबंध आहे.

मी नगर भूमापनात बत्तीस वर्षं काढली, हे सांगलीत सगळ्यांना माहीत आहे. माणूस चुकेल, माझी टेप चुकत नाही. दिवाळीच्या पाडव्याला हा हॉल चौदा फूट दोन इंच होता. आज सकाळी मोजला, सहा फूट भरला. सोफा मी परवा गच्चीवर ठेवून आलो.

सुरुवात वैजूपासून झाली. माझी मुलगी, पुण्याला असते. दिवाळीला आली ती तीन स्पीकर घेऊन. डोक्यावरच्या माकडटोपीएवढे, राखी रंगाचे. एक हॉलला, एक स्वयंपाकघराला, एक झोपायच्या खोलीला. "अण्णा," ती म्हणाली, "आता आईची रेकॉर्ड लावा. सगळ्या घरात वाजेल."

आईची रेकॉर्ड म्हणजे काय ते सांगतो. एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये आमच्या लग्नाला महिना झाला होता. देवदर्शनाला कोल्हापूरला गेलो होतो. तिथं एका स्टुडिओत हौशी लोकांचा आवाज तबकडीवर उतरवून देत. हिनं तिथं गौरीचं एक गाणं म्हटलं आणि शेवटी, मशीन चालू आहे हे विसरून, उखाणा घेतला.

"कृष्णेच्या घाटावर दिवे लागले चार,
रंगनाथरावांचं नाव घेते, उघडा आता दार."

त्यानंतर बावन्न वर्षं तिनं मला 'अहो' म्हणूनच हाक मारली. लोकांशी बोलताना मी 'हे' होतो. तुमच्या घरीही तसंच असेल. ती जाऊन चार वर्षं झाली. माझं नाव तिच्या आवाजात या जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं, त्या तबकडीच्या शेवटच्या दीड इंचात. आणि प्लेअरचा जुना स्पीकर ती गेली त्याच वर्षी बसला होता. मला ते नाव एकदा ऐकायचं होतं. एवढंच हवं होतं, जास्त काही नाही.

वैजूनं प्लेअर टेबलावर मांडला. मागून दोन वायरी निघाल्या, एक लाल, एक पांढरी. त्या तिनं एका काळ्या डबीत खुपसल्या. मी डबीची दुसरी बाजू बघितली.

"वैजू, पुढची वायर राहिली."

"पुढं वायर नसते, अण्णा. हवेतून जातं."

"हवेतून म्हणजे खाली इनामदारबाईंकडेही जाणार."

"नाही जात. पासवर्ड आहे त्याला."

"तुझ्या आईनं कधी ऐकलंय का कुणाचं?"

ती हसली. मी सुई ठेवली. सुई टेकल्यावर एक सेकंद काहीच झालं नाही. मग हॉलमध्ये सुनंदा गायला लागली. सुई आधी आणि आवाज मागून. "तेवढा उशीर होतोच," वैजू म्हणाली आणि फराळाचं बघायला आत गेली.

गाणं संपलं. 'कृष्णेच्या घाटावर दिवे लागले चार' हेही नीट आलं. मग नुसती खरखर. सुई गोल फिरत राहिली.

"अण्णा!" स्वयंपाकघरातून वैजू ओरडली. "किती गोड घेतलंय तुमचं नाव! ऐकलंत ना?"

मी सुई मागे आणून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. या वेळी नाव झोपायच्या खोलीत आलं. तिथं वैजू फोनवर जावईबुवांशी बोलत होती, तिनं त्यांनाही ऐकवलं. तिसऱ्यांदा मी झोपायच्या खोलीत थांबलो, तेव्हा नाव हॉलमध्ये पडलं. हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

"ऐकलंत ना अण्णा?" वैजूनं निघताना पुन्हा विचारलं.

"ऐकलं," मी म्हणालो. पोरीनं एवढा खर्च केलेला. काय सांगणार?

ती गेल्यावर उशीर वाढायला लागला. आधी एका सेकंदाचा होता, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांचा झाला. मी सुई ठेवायचो, कुकर लावायचो, दोन शिट्ट्या झाल्या की गाणं सुरू व्हायचं. पुढच्या आठवड्यात सकाळी लावलेली रेकॉर्ड दुपारी जेवताना वाजायला लागली. एकदा मी अंगाला साबण लावलेला आणि बाहेर 'रंगनाथरावांचं' एवढं ऐकू आलं. तसाच धावत आलो. पुढचं सगळं खरखर.

मग मी भूमापकासारखा विचार केला. आवाज सकाळी तबकडीतून निघतो आणि दुपारी स्पीकरमध्ये पोचतो. मधले पाच तास तो कुठंतरी बसत असणार. बसायला जागा लागते. मी टेप काढली. हॉल तेरा फूट अकरा इंच भरला. तीन इंच गेले होते. स्वयंपाकघरातून दोन, झोपायच्या खोलीतून चार.

वैजूनं माझ्या फोनवर स्पीकरच्या खोल्यांची यादी करून दिली होती. ती उघडली. हॉल. स्वयंपाकघर. बेडरूम. खाली चौथी ओळ होती, माजघर.

मी तिला फोन लावला. "हे माजघर कुणी टाकलं?"

"मी तीनच टाकलीत, अण्णा. आपल्या फ्लॅटला कुठलं आलंय माजघर?"

"नव्हतं. आता होतंय."

"चहा घ्या आणि जरा पडा," ती म्हणाली.

मी चहा घेतला. तेवढ्यात इनामदारबाई, तुम्ही आलात. बाई, सांगा यांना तुम्ही काय म्हणालात ते.

"मी म्हटलं, काल दुपारी तुमच्याकडून कुणीतरी उखाणा घेत होतं," इनामदारबाई म्हणाल्या. "मी खाली वाटाणे सोलत होते. अगदी स्पष्ट. रंगनाथरावांचं नाव घेते."

"उघडा आता दार, हेही?" शहापुऱ्यांनी विचारलं.

"हो. मला वाटलं, काका दुसरं लग्न करतायत की काय."

हसा. मला त्या दिवशी हसू आलं नाही. जे नाव बावन्न वर्षं माझं होतं, ते माझ्याच घरात मला सोडून सगळ्यांना ऐकू जात होतं. वैजूला, जावयाला, वाटाणे सोलणाऱ्या शेजारणीला. मी काय पाप केलं होतं? औषधं वेळेवर दिली. शेवटचे सहा महिने वेणीफणीसुद्धा मीच केली. आणि ही बाई माझा पाय ज्या खोलीत पडेल तिथून नाव उचलून दुसरीकडे नेते. डबीनं फसवलं असतं तर डबी परत पाठवली असती. बायकोनं फसवल्यावर माणसानं कुणाकडे जायचं?

परवाच्या आदल्या दिवशी, रविवारी, ती खोली मला सापडली. फ्रिज पुढे आला होता. मागची भिंत सरकल्यामुळे तो आपोआप पुढे ढकलला गेला होता. त्याच्या मागे दार होतं. बुटकं, दोन फळ्यांचं, खाली लाकडी उंबरा. कडी आतून. मी कान लावला. आत पुष्कळ बायका होत्या. बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी कुणाला ढोसत होतं, दबलेलं हसू. लग्नघरात नवी सून दाराशी आल्यावर असतं तसं. फक्त या वेळी सून आत होती आणि बाहेर मी.

"सुनंदा," मी म्हणालो, "दार उघड."

आतलं हसू थांबलं.

"अहो," ती म्हणाली. इथं उशीर नव्हता, दारापलीकडून लगेच आलं. "माझं घेऊन झालं. कधीचं. आता तुम्ही नाव घ्या."

रीतच आहे ती. मी घसा खाकरला आणि उखाणा घेतला. लग्नात घेतला होता तोच, सांगलीच्या हळदीचा. शेवटी 'सुनंदाचं नाव घेतो' म्हटलं.

कुणी हसलं नाही.

"हे तुम्ही ठेवलेलं," ती म्हणाली. "ताटात तांदूळ पसरून, तुमच्या अंगठीनं लिहिलेलं. माझं घ्या."

शहापुरे, तुम्ही तुमच्या बायकोचं नाव बदललं होतं का? सगळेच बदलायचे तेव्हा. आमच्या आईनं सांगितलं, सुनंदा चांगलं आहे, मी तांदळात गिरवलं, भटजी पुढच्या मंत्राला लागले. त्याच्या आधी तिला काहीतरी नाव होतंच की. एकोणीस वर्षं तिला त्याच नावानं हाका मारत असतील. पत्रिकेतही छापलं असेल.

मला आठवेना.

मी तासभर उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. गुडघे दुखायला लागले तेव्हा आठवलं की ते नाव घरातच आहे. कोल्हापूरच्या त्या स्टुडिओतल्या माणसानं तबकडीच्या मधल्या कागदावर लिहायला नाव विचारलं होतं. लग्नाला महिनाच झालेला, हिच्या तोंडून सवयीनं माहेरचं निघून गेलं, आणि त्यानं जांभळ्या शाईनं तेच लिहिलं. मला राग आला नव्हता, शपथेवर सांगतो. मी फक्त घरी आल्यावर गव्हाच्या पिठाची खळ केली आणि वरून एक पट्टी चिकटवली. 'सौ. सुनंदा रंगनाथ भोसेकर.' अक्षर माझं छान होतं. ती शेजारी उभी राहून बघत होती. मला वाटलं, अक्षर बघतेय.

मी रेकॉर्ड उचलली, ओल्या फडक्यानं पट्टी भिजवली आणि नखानं हळू सोडवली. पट्टी निघाली. तिच्याबरोबर खालचा कागदही निघाला. हातात जांभळा लगदा आला, चिमूटभर. तो मी उन्हात धरला, भिंगाखाली धरला. नकाशावरची पुसलेली हद्द मी भिंगानं शोधून काढलेली आहे. इथं काही लागलं नाही.

वैजूला फोन केला. "तुझ्या आईचं माहेरचं नाव काय होतं गं?"

"आम्हाला कसं माहीत असणार, अण्णा? मामा तिला ताई म्हणायचे. आजी गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते." मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला नाही आठवत?"

मी फोन ठेवला. मामा जाऊन दहा वर्षं झाली. रेकॉर्डच्या मधोमध आता नुसतं भोक आहे आणि भोवती पांढरा डाग.

"मग?" इनामदारबाई म्हणाल्या. त्यांचा चहा निवला होता.

मग काय. सोमवारी हॉल आठ फुटांवर आला, काल सातवर. उशीर आता पुरता दोन दिवसांचा झालाय. आत्ता स्वयंपाकघरात ती खरखर चालली आहे ना, ती परवा सकाळची आहे. ती खोली थांबणारी नाही. फ्लॅट पुरला नाही तर जिना घेईल, मग बाई, तुमचं छत. पण घाबरू नका, आता ती वाढणार नाही. मी ते मिटवलं. आज सकाळी.

"कसं?" शहापुरे म्हणाले.

अंघोळ केली, धोतर नेसलो, हातात पानसुपारी घेतली. फ्रिज बाजूला केला आणि दारासमोर उभा राहिलो. बावन्न वर्षं जिच्याबरोबर काढली त्या बाईचं नाव माणूस विसरतो का? जिभेच्या टोकावर होतं. आलं. मी खणखणीत आवाजात तिचं माहेरचं नाव घेतलं, उखाण्यात गुंफून. कडी वाजली. दार उघडलं. आत दिवे लागलेले, बायका बाजूला झाल्या, तिनं मला पाट दिला आणि माझ्या तोंडावर, मला ऐकू येईल असं, माझं नाव घेतलं. पुरं. रंगनाथराव.

"अगंबाई," इनामदारबाईंचे डोळे भरून आले होते. "आणि काय हो त्यांचं माहेरचं नाव?"

मी कप उचलला. कपात चहा नव्हता, तरी प्यायलो. कप खाली ठेवायला जागा नव्हती. मी मघापासून खुर्चीत अवघडून बसलो होतो, तळव्यांना आडवं, लाकडी, उंबऱ्यासारखं काहीतरी लागत होतं. शहापुरे माझ्याकडे बघत होते, मुलांच्या वह्या तपासताना बघत असतील तसे.

"सांगा की," ते म्हणाले. "नाव काय?"

स्वयंपाकघरातली परवाची खरखर थांबली.

"खोटं," सुनंदा म्हणाली. तिन्ही स्पीकरमधून, एकाच वेळी, मला पहिल्यांदाच सगळं स्पष्ट ऐकू आलं. "हे अजून दाराबाहेरच उभे आहेत."