जागा धरणारा डबा

मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, वर कडी असलेला. तुम्ही म्हणाल, डब्याला सांगण्यासारखं असं काय असणार? सकाळी भरायचं आणि दुपारी रिकामं व्हायचं. पण मित्रांनो, ऐन गर्दीच्या वेळी, तिकीट न काढता, खिडकीजवळच्या जागेवर बसून हडपसरहून पिंपरीला गेलेला डबा तुम्ही कधी पाहिला आहे का? तो मी.

आधी मी नुसता पत्रा होतो. यंत्राने मला दाबलं, वाकवलं, घासून घासून चकचकीत केलं. मग मी रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात येऊन बसलो. तिथून मला दशरथ आणि चंपा यांनी घेतलं. त्यांचं नवं लग्न झालं होतं. दुकानातल्या माणसाने टकटक करत माझ्या झाकणावर 'दशरथ' असं नाव घातलं. दशरथला तेव्हा ते वाचता येत नव्हतं. शाळेच्या वयात तो ढोरांमागे होता. कारखान्यात डब्यांच्या रांगेतून तो मला ओळखायचा तो माझ्या पोच्यामुळे. पहिल्याच दिवशी मी सायकलच्या हँडलवरून पडलो होतो, तेव्हाचा तो पोचा.

दशरथ हडपसरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. दिवसभर उभं राहायचं काम. जेवणाच्या सुट्टीत मात्र मला मांडीशी घेऊन तो खाली बसायचा, आणि मी उघडलो की चार हात पुढे यायचे. "चंपावहिनींची आमटी आहे का आज?" असं कुणी विचारलं की माझी कडीसुद्धा ताठ व्हायची.

पुढे त्यांना चैताली झाली. ती तिसरीत असताना तिने बापाचं बोट धरून माझ्या झाकणावरून फिरवलं. द, श, र, थ. त्या माणसाने आयुष्यात वाचलेला पहिला शब्द माझ्या डोक्यावर कोरलेला आहे. पुढे तो रोज संध्याकाळी लेकीसमोर बसून पेपर मोठ्याने वाचू लागला. अडला तरच ती सांगायची. तो नेम चुकला नाही.

मग दशरथ निवृत्त झाला आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या वरच्या कप्प्यात खिळे, मधल्यात सुटी बटणं आणि खालच्यात काय होतं ते मलाही आठवत नाही. काही वर्षं अशीच गेली. कुणी वाईट वागलं असं नाही. पण डब्यात खिळे ठेवले की डबा मनातून गंजतो.

चैताली शिकली आणि तिला पिंपरीच्या एका कंपनीत नोकरी लागली. सुटे भाग मोजून तपासायचं काम. तिने रंगीत प्लॅस्टिकचा डबा आणला. चार दिवसांत त्याला लसणाचा वास बसला तो जाईना. चंपाने मला माळ्यावरून काढलं, खिळे ओतले, घासलं आणि उन्हात पालथं घातलं. मित्रांनो, त्या उन्हाची ऊब मी कधी विसरणार नाही.

आता खरी अडचण सांगतो. दशरथचं घर रामटेकडीला. पिंपरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पिंपरीवरून निगडीला जाणारी सरळ बस आहे, पण ती हडपसरच्या गाडीतळावरून सुटते आणि रामटेकडीला येईपर्यंत भरलेली असते. यावर दशरथने एक युक्ती काढली. तो मला घेऊन पहाटेच उलट्या दिशेने गाडीतळाला जायचा, रिकाम्या बसमध्ये खिडकीजवळची जागा धरायचा आणि रामटेकडीपर्यंत बसून यायचा. तिथे चैताली चढली की तिला जागा द्यायची, मला तिच्या मांडीवर ठेवायचं आणि आपण उतरायचं.

चंपा म्हणायची, "रिटायर झालात आणि बसच्या सीटला नोकरीला लागलात."

"मी जन्मभर उभा राहिलो. माझी पोरगी बसून जाईल," असं म्हणून तो चपला घालायचा.

चैतालीने एकदा बोलून पाहिलं. "बाबा, स्वारगेटपर्यंत कुठलीही बस घ्यायची आणि पुढे मेट्रो. आपला प्रज्ञेश तसाच जातो."

प्रज्ञेश तिचा चुलतभाऊ. दशरथ म्हणाला, "त्याचं सोड. स्वारगेटपर्यंत लोंबकळत जायचं, पुन्हा उतरायचं, पुन्हा चढायचं. एवढी धरलेली जागा काय लोकांसाठी?"

बापाचा चेहरा पाहून तिने विषय सोडला. निवृत्तीनंतर तो पहिल्यांदाच सकाळी इतका खुशीत असायचा. तिला ते मोडवेना.

पण बस ती बसच. पूलगेटला अडायची, स्टेशनला रेंगाळायची, शिवाजीनगरला तर मुक्कामच करायची. चैतालीला बसायला मिळायचं, वेळेवर पोहोचायला मिळायचं नाही. एके दिवशी तिच्या साहेब, तेजस्विनी मॅडम, म्हणाल्या, "चैताली, तुझ्या कामात मला खोट दिसत नाही. पण कंपनी पिंपरीला आहे हे तू रोज उशिरा लक्षात आणतेस. या महिन्यात आणखी एकदा उशीर झाला तर तुला कायम करा असं मी वर सांगू शकणार नाही."

त्या संध्याकाळी घरात पेपर वाचला गेला नाही. कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या पिंपरीतल्या खोलीत एक जागा रिकामी होती. चैतालीने तिकडे राहायला जावं असं ठरत आलं. चंपाने एक गादी दोरीने बांधून दाराशी ठेवली. दशरथ त्या गादीकडे न बघता म्हणाला, "उद्या आणखी लवकर जाऊन जागा धरतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही रोजच्यासारखे गाडीतळावरून निघालो. शेजारी सोजरबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या, निगडीला लेकीकडे निघालेल्या. दशरथने त्यांना आमची सगळी हकीकत सांगितली. रामटेकडी आली. थांब्यावर एवढी गर्दी, की चैतालीला दारापर्यंत येता येईना. दशरथने मला जागेवर ठेवलं, सोजरबाईंना म्हणाला, "आजी, जागा बघा, पोरीला घेऊन आलो," आणि तो मागच्या दाराने खाली उतरला. तेवढ्यात दार मिटलं. दोनदा घंटी वाजली आणि बस निघाली.

खिडकीतून मला दिसलं, बाप आणि लेक दोघंही रस्त्यावर. जागेवर मी.

"आवं, डबा ऱ्हायला की," सोजरबाई म्हणाल्या. पण बस तोवर पुढच्या चौकात होती.

थोड्या वेळाने कंडक्टर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"पोरीची जागा हाय. पिंपरीला उतरनार."

"पोरगी कुठंय?"

"मागं ऱ्हायली."

"मग डब्याला फुल तिकीट देऊ का हाफ?"

लोक हसले. सोजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी हाताने माझी कडी धरली आणि बाकीच्यांकडे असं पाहिलं, की बराच वेळ कुणी बसायचं नाव काढलं नाही. शेवटी शिवाजीनगरला आप्पासाहेब नावाचे एक गृहस्थ चढले. नारायण पेठेतले, पांढराशुभ्र लेंगा-सदरा घातलेले. ते मला उद्देशून म्हणाले, "आपण आरामात बसा. आम्ही म्हातारे उभे राहतो."

"तेला मांडीवर घ्या नि बसा," सोजरबाई म्हणाल्या. "पन जागा पोरीची हाय."

आप्पासाहेब मला मांडीवर घेऊन बसले. मित्रांनो, इथे मला लाज वाटते ते सांगायला हवं. सायकलवरून पडल्यापासून माझ्या खालच्या कप्प्याची कड नीट बसत नाही. खडकीच्या खड्ड्यात बस आदळली आणि चंपाची काळ्या मसाल्याची आमटी त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर उतरली. मला वाटलं, आता हे मला खिडकीतून फेकणार. त्यांनी डाग पाहिला, बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "फोडणी चांगली आहे."

इकडे रामटेकडीला काय झालं ते मला नंतर घरात ऐकायला मिळालं. दशरथ बसमागे थोडा धावला आणि थांबला. "पुढची निगडी येईल आता," तो म्हणाला, पण त्याचा आवाज त्यालाच खरा वाटेना. तेवढ्यात स्वारगेटची बस आली, खच्चून भरलेली. चैतालीने बापाकडे पाहिलं.

"बाबा, उभी राहून जाऊ का?"

दशरथने एकदा मागच्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला वर ढकललं. "जा. धरून उभी राहा."

ती स्वारगेटपर्यंत दांडीला धरून उभी राहिली. तिथे जमिनीखाली उतरली. मेट्रो स्वारगेटहूनच सुटते, त्यामुळे तिला सहज बसायला मिळालं. ज्या शिवाजीनगरला आमची बस तळ ठोकून बसली होती, त्याच्या खालून ती कधी निघून गेली ते मलाही कळलं नाही. पिंपरीला शेवटच्या स्टेशनवर उतरून ती चालत कंपनीत पोहोचली आणि वेळेवर हजेरी लावली. मग तिला माझी आठवण झाली.

"मॅडम, माझा डबा येतोय. थांब्यावरून घेऊन येऊ?"

"येतोय म्हणजे? एकटा?"

"बसने."

तेजस्विनी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "जा. तो उशिरा आला तर त्याला मी काही बोलणार नाही."

आमची बस पिंपरीला लागली तेव्हा चैताली थांब्यावर उभी होती. ती खिडकीशी आली. "आजी, तो डबा माझा आहे."

सोजरबाईंनी मला आप्पासाहेबांच्या मांडीवरून उचललं, पण सोडलं नाही. "तुझा कशावरनं? वर नाव काय लिव्हलंय सांग."

"दशरथ. माझ्या बाबांचं."

"आसंल बाई. मला कुठं वाचता येतंय?" असं म्हणून त्यांनी मला खिडकीतून तिच्या हातात दिलं.

आप्पासाहेब म्हणाले, "आईला सांगा, मीठही बेताचं आहे." चैतालीने त्यांचा लेंगा पाहिला आणि तिचा हात तोंडावर गेला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे दशरथ होता. "पोरी, डबा गेला गं आपला."

"नाही बाबा. मी त्याची वाट बघत थांबले होते. तो आत्ता आला."

दशरथ म्हणाला, "म्हणजे बसलेला मागं राहिला आणि उभी राहिलेली पुढं गेली."

त्या संध्याकाळी गादीची दोरी सोडली. दशरथने पेपर वाचला आणि तीन ठिकाणी अडला, पण खुशीत अडला. पुढच्या रविवारी चैताली आईबापाला मेट्रोने पिंपरीला फिरवून आणायला निघाली. स्वारगेटला मेट्रोच्या डब्यात शिरताच दशरथने सवयीने मला एका जागेवर ठेवलं आणि तो लेकीला शोधू लागला. ती शेजारीच उभी होती. चंपा म्हणाली, "अहो, अख्खी गाडी मोकळी आहे. किती जागा धरणार?"

आता चैताली कायम झाली आहे. तेजस्विनी मॅडम कधीकधी विचारतात, "आज डबा तुझ्याबरोबर आला, की मागून येतोय?" माझ्या खालच्या कप्प्याची कड दशरथने स्वतः ठोकून सरळ केली. त्याच्या हातात लेथवरची नजर अजून आहे. आमटी आता सांडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माळ्यावर कुणी माझ्यासारखा पडला असेल. त्याच्यातले खिळे काढा, त्याला उन्हात ठेवा, त्याची कड जरा पाहून घ्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्हाला पिशवीत बंद करून विसरू नका. आणि कुणी मायेने तुमच्यासाठी जागा धरत असेल, तर त्याला हसू नका. फक्त आपली वाट दुसरी असेल तर ती त्याला वेळेत सांगा.

दशरथ अजूनही रोज सकाळी लेकीबरोबर थांब्यावर येतो. स्वारगेटची बस आली की सवयीने त्याचा हात मला घेऊन जागा धरायला खिडकीच्या दिशेने वर जातो. अर्ध्या वाटेत थांबतो. मग तो मला खाली आणतो आणि लेकीच्या हातात देतो.