आधी लोखंड, मग पितळ

मी एक जुना लोखंडी स्क्रू आहे. मित्रांनो, हसू नका. आपली कहाणी सांगायला आजवर तलवारी आल्या असतील, सिंहासनं आली असतील. स्क्रूला कोण विचारतो? पण तुम्ही ज्या पेटीवर बसून पाय हलवता, तिचं झाकण कुणाच्या तरी जिवावर उघडतं आणि मिटतं, एवढं ध्यानात असू द्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. तारेचा तुकडा कापला, एका टोकाला डोकं ठोकलं, डोक्यावर खाच पाडली, अंगावर आटे कोरले, की झाला स्क्रू. माझे भाऊबंद कुठे कुठे गेले कोण जाणे. मला एका सुताराने उचललं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी मला उजेडाकडे धरून फिरवलं, आट्यांवरून नख फिरवलं आणि एका चपट्या डबीत ठेवलं. डबीत मेणबत्तीचा एक तुकडा होता. तोच माझा शेजारी.

मिस्त्री लाकडी पेट्या बनवायचे. पेटी उभी राहिली की तिला पितळी बिजागऱ्या आणि कडी बसवायची. सगळं काम हाताचं. पटाशीने बिजागरीच्या जाडीएवढा खळगा कोरायचा, गिरमिटाने भोक पाडायचं आणि पेचकसाने स्क्रू पिळायचा. आता पितळ दिसायला देखणं, पण अंगाने मऊ. कठीण लाकडात थेट पिळलं तर त्याची मान मोडते. म्हणून मिस्त्रींची रीत होती, आधी लोखंड, मग पितळ. आधी मला भोकात पिळायचे. माझे आटे लाकडात वाट करायचे. मग मला उलटं फिरवून बाहेर काढायचे आणि त्याच वाटेने पितळी स्क्रू अलगद आत जाऊन बसायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मला राग यायचा. वाट करायची मी आणि घर करायचं दुसऱ्याने. लोक पेटीला हात लावून म्हणायचे, "काय चकाकतंय पितळ." मी तोवर डबीत परत गेलेला असायचो. कामापुरता मामा.

माझी कदर करणारं एकच माणूस होतं. मिस्त्रींची बायको. शेजारपाजारचे त्यांना काकी म्हणत. मिस्त्रींच्या बाजूला बुटक्या स्टुलावर बसून त्या मला मेण चोळून देत. लाकडातून निघालो की मी तापलेला असायचो. त्या मला फडक्याने पुसत, पुन्हा मेण लावत आणि पुढच्या भोकासाठी पुढे करत. किती पेट्यांना मी असा शिवून आलो, याचा हिशेब मी ठेवला नाही.

काकींचे स्वतःचे कपडे मात्र पत्र्याच्या ट्रंकेत असत. तिचं झाकण वाकलेलं होतं, एका बाजूने दाबल्याशिवाय लागत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं.

"तुझी पेटी पुढच्या खेपेला," मिस्त्री म्हणायचे.

"बरं," काकी म्हणायच्या आणि मेण चोळत राहायच्या.

पुढच्या खेपेला नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी घाई असायची.

मग मिस्त्रींचं उजवं मनगट दुखू लागलं. आधी थोडं, मग चहाचा कप धरवेना इतकं. डॉक्टरांनी काम बंद करा म्हणून सांगितलं. मिस्त्रींनी नवीन कामं घेणं बंद केलं आणि कोपऱ्यात राखून ठेवलेल्या चांगल्या फळ्या बाहेर काढल्या. "हात आहे तोवर तुझी करतो," ते काकींना म्हणाले.  काकींनी स्टूल जवळ ओढलं.

ती पेटी फार हळूहळू झाली. रंधा मारायचा, थांबायचं, मनगट गरम पाण्यात धरायचं, पुन्हा रंधा मारायचा. बिजागऱ्या बसवायची वेळ आली तेव्हा एकेक स्क्रू म्हणजे परीक्षा होती. मी आत, मी बाहेर, मग पितळ आत. एका स्क्रूसाठी तीनदा मनगट पिळायचं.

शेवटच्या बिजागरीचं शेवटचं भोक उरलं. काकींनी मला मेण लावून पुढे केलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि बाजूचा पितळी स्क्रू उचलला. काकींचा हात तसाच पुढे राहिला. गिरमिटाचं भोकही त्या दिवशी हवं तेवढं खोल पडलं नव्हतं. पितळ अर्ध्यावर गेलं आणि कट् आवाज आला. डोकं पेचकसाबरोबर वर आलं, मोडकं धड भोकात उभं राहिलं.

मिस्त्री खाली बसले. त्यांनी पेचकस जमिनीवर ठेवला. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या नीट केल्या," ते म्हणाले, "आणि तुझीच बिघडवली."

मित्रांनो, माझी जागा बळकावणारा पितळी स्क्रू मोडला, म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्या माणसाचं तोंड पाहवत नव्हतं.

काकींनी पकड आणली. मोडक्या धडाचा जो भाग वर राहिला होता, तो पकडीत धरला आणि मिस्त्रींचा हात ओढून पकडीवर ठेवला. वरून स्वतःचा हात ठेवला. दोघांनी मिळून ते धड उलटं फिरवत बाहेर काढलं. मग काकींनी पेचकस उचलला.

"तुम्ही सांगा, मी फिरवते."

"अगं, तुला जमायचं नाही."

"मेण कुणी लावलं इतकी वर्षं? मला सगळं पाठ आहे."

आधी त्यांनी गिरमिटाने भोक खोल केलं. मग मला ठेवलं. पेचकस दोनदा निसटला. मिस्त्री म्हणाले, "खांद्यातून जोर लाव. सरळ धर. घाई नको." मी इंच इंच आत गेलो आणि माझं डोकं बिजागरीला टेकलं. काकींनी झाकण उघडलं, मिटलं. कुरकुर नाही, काही नाही. मिस्त्रींनी डोळे पुसले.

"आता त्याला काढ," थोड्या वेळाने ते म्हणाले. "लोखंड गंजतं, लाकूड खातं. नवीन पितळी स्क्रू आणला की बसवू."

"बरं," काकी म्हणाल्या.

नवीन स्क्रू आला. मिस्त्रींनी तो काकींच्या हातात दिला. काकींनी तो कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला आणि वर आपले कपडे रचले. मिस्त्री बघत राहिले. ती त्यांची शेवटची पेटी. पुढे ते फार दिवस राहिले नाहीत.

मी गंजलो नाही, कारण काकी पेटी पुसताना माझ्या डोक्यावर मेणाचा तुकडा फिरवायच्या. त्यांची नजर गेली तरी बोटाने चाचपून मला शोधायच्या.

गेल्या महिन्यात काकींची लेक त्यांना आपल्या घरी राहायला घेऊन आली. पेटीही आली. लेकीने पॉलिशवाल्याला बोलावलं. तो वाकून म्हणाला, "ताई, या बिजागरीचे पाच स्क्रू पितळी आणि हा एकच काळा. कुणी तरी चुकीचा लावलाय. बदलून देतो."

"बदला," लेक म्हणाली.

पेचकस माझ्या खाचेत बसला. मी पाव वळसा फिरलो. इतक्या वर्षांनी लाकूड सुटताना कुरकुरलं. पलंगावर बसलेल्या काकींनी तो आवाज ओळखला.

"त्याला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "तो मी बसवलाय."

लेक आईकडे बघत राहिली. तिला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिने पॉलिशवाल्याच्या हातून पेचकस घेतला आणि मला पाव वळसा परत आत फिरवलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जोड न जुळणारी वस्तू असेल. ती फेकण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा. आणि ठेवलीत, तर तिला जपा. आम्हाला फार काही लागत नाही.

त्या संध्याकाळी काकींनी लेकीला मेणबत्तीचा तुकडा आणायला सांगितला. लेकीने माझ्या डोक्यावर मेण चोळलं. पहिलीच वेळ होती, जरा जास्तच लावलं.