सत्काराचा नांगर आणि दोनशे जुड्या मेथी

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना नांगर आहे. सध्या मुक्काम मुलुंड, श्यामकांत डेकोरेटरचं गोदाम. शेजारी थर्मोकोलचा राजवाडा आणि लग्नातल्या दोन सिंहासनी खुर्च्या असतात. शेजार चांगला आहे, तक्रार नाही.

माझा जन्म ओतूरकडचा. गावच्या सुताराने मला तासलं, लोहाराने फाळ बसवला आणि तीसेक वर्षं मी जमीन उलथली. दसऱ्याला माझ्यावर झेंडू वाहत. मग ट्रॅक्टर आला. मी गोठ्यामागे जाऊन पडलो आणि कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. पुढे एका भंगारवाल्याकडून श्यामकांतने मला आणलं, वॉर्निश मारलं आणि मी भाड्याने जाऊ लागलो. हॉटेलची उद्घाटनं, शाळांची स्नेहसंमेलनं आणि मुख्य म्हणजे कृषिमंत्र्यांचे सत्कार. आजवर सात मंत्र्यांनी मला खांद्यावर घेऊन फोटो काढले. सातही जणांचं पहिलं प्राधान्य शेतकरीच होतं. हे मी स्वतः ऐकलं आहे. मला मध्येच उठून जाता येत नाही.

गेल्या महिन्यात आठवे आले. सत्कार रविवारी सकाळी, मुलुंडच्या एका मैदानात. त्याच मैदानात दर रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, हे आयोजकांच्या लक्षात आलं नसावं. शेतकऱ्यांसाठी एवढं सगळं करायचं म्हटल्यावर काहीतरी राहतंच.

ओतूरची रत्नप्रभा नेहमीप्रमाणे सातला टेम्पो घेऊन आली. टेम्पोत दोनशे जुड्या मेथी. बाराच्या आत विकली तर भाजी, नंतर नुसता पाला. फाटकावर मितेश नावाचा कार्यकर्ता उभा होता.

"मावशी, गाडी मागे घ्या. आज इथे शेतकऱ्यांचा कार्यक्रम आहे."

"मी शेतकरीच आहे रे."

"पास आहे का?"

पास नव्हता. ती फाटकाबाहेर मेथीवर पाणी शिंपडत बसून राहिली.

मंत्री दहाऐवजी साडेअकराला आले. मला त्यांच्या हाती द्यायला फेटा बांधून एक शेतकरी तयार ठेवला होता. तो समोरच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. त्याने मला फाळाकडून उचललं आणि कंबर धरून खाली बसला. श्यामकांतला घाम फुटला. तो दर रविवारी रत्नप्रभाकडूनच भाजी घ्यायचा; धावत फाटकावर गेला आणि म्हणाला, बाई, दोन मिनिटं नांगर धर. फाटक उघडणार असाल तर धरते, असं तिने सांगितलं. ते मंत्र्यांनाच सांग, म्हणत त्याने तिला मंचावर चढवलं.

तिने माझं रुमणं, म्हणजे धरायचा दांडा, मुठीत घेतलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणीतरी मला बरोबर जागी धरलं होतं. वॉर्निश नसतं तर मला भरून आल्याचं दिसलं असतं.

मंत्र्यांनी माइक पुढे केला. "ताई, मोकळेपणाने सांगा. नव्या कृषिमंत्र्याने सगळ्यात आधी काय करावं?"

"साहेब, बाहेर टेम्पोत माझी मेथी आहे आणि बाराला पाच मिनिटं कमी आहेत. तेवढं फाटक उघडा. बाकीचं तुमचं सावकाश चालू द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्री भारावले. लिहून घ्या, असं त्यांनी सचिवांना सांगितलं आणि सचिवांनी लिहून घेतलं. मी शेजारीच होतो म्हणून दिसलं: 'मेथी. अभ्यासगट.' मग मंत्र्यांनी पन्नास मिनिटं आपले प्राधान्यक्रम सांगितले. त्यात ड्रोन होता, ॲप होतं, निर्यात होती. फाटक नव्हतं. बंदोबस्तवाले म्हणाले, साहेब गेल्याशिवाय उघडता येत नाही.

ते उघडलं एक वाजता. पिशव्या घेऊन थांबलेल्या बायका केव्हाच घरी गेल्या होत्या. मेथीने माना टाकल्या होत्या. रत्नप्रभा रडली नाही, भांडलीही नाही. त्यातल्या त्यात बऱ्या दोन जुड्या तिने श्यामकांतला दिल्या. बाकीची मेथी सोसायटीच्या खतखड्ड्यात गेली. ओला कचरा कुठे टाकायचा, हे दाखवायला फेटेवाले सेक्रेटरी कंबर धरून हजर होते.

जाता जाता ती माझ्यापाशी थांबली. माझी पाचर ढिली झाली होती. तिने दगड घेऊन ती ठोकून बसवली. "नवव्या मंत्र्याच्या पायावर पडायचा," एवढंच म्हणाली आणि टेम्पोत बसली.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला वेळच्या वेळी वॉर्निश मिळतं, मी अजून दहा मंत्री सहज काढीन. मेथीला तेवढा दम नसतो. तेव्हा शेतकऱ्यांचा सन्मान जरूर करा, हारतुरे आणा, मलाही बोलवा. फक्त तो सोमवारी करा.