पाच मिनिटांचा आकडा

माझ्या नाकावर राग असतो हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या रविवारी आला तसा राग मला क्वचितच आला असेल, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं. चूक माझीच होती.

आमची कंपनी ऑनलाइन खेळांसाठी सर्व्हर भाड्याने देते. प्रत्येक खेळाचा एक साचा असतो. ग्राहकाने बटण दाबलं की त्या साच्यातून त्याचा सर्व्हर तयार होतो. साचे बनवणं माझं काम. माझ्या आत्याने आणि तिच्या चार जुन्या सहकाऱ्यांनीही आमच्याकडूनच एक सर्व्हर घेतला होता. आत्याने सगळी नोकरी पुलांचे नकाशे काढण्यात घालवली. त्यातला एक तीन कमानींचा पूल तिचा फार लाडका. तो तिच्या तरुणपणीच मंजूर झाला, पण फाइल कपाटात गेली ती गेलीच; पूल काही उभा राहिला नाही. निवृत्तीनंतर ही पाच जणं दर रविवारी सकाळी दहाला आपापल्या घरी संगणकापुढे बसायची आणि खेळात तोच पूल बांधायची, एकेक दगड रचून.

गेल्या वर्षी आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. डोकं पूर्वीसारखंच तल्लख, पण उजवा हात तिचं ऐकेनासा झाला. एक दगड बसवायला तिला सहा-सात मिनिटं लागतात. तेवढा वेळ माउसवर तिची झटापट चालू असते, पण खेळातली तिची बाहुली जागची हलत नाही. आणि पाच मिनिटं बाहुली हलली नाही की सर्व्हर खेळाडूला सरळ बाहेर काढतो.

त्या रविवारी मी तिच्या शेजारी बसून वाटाणे सोलत होते. तासाभरात ती तिसऱ्यांदा बाहेर फेकली गेली. डाव्या हाताने पुन्हा पासवर्ड टाइप करायला घेतला आणि मध्येच थांबली.

"पुढच्या रविवारी शेवटची कमान जुळेल," ती म्हणाली. "ते चौघं जुळवतील. मी आता थांबते. माझ्यापायी सगळे खोळंबतात."

"अगं, पण पूल तुझा आहे!"

"नकाशा आहे त्यांच्याकडे."

"मी तुझ्या सर्व्हरवर गुपचूप काहीतरी करते."

"मला मेहेरबानी नको. फक्त माझ्यापुरतं काही करशील तर याद राख."

मी वाटाणे सोलत राहिले. तो पाचचा आकडा दोन वर्षांपूर्वी मीच साच्यात, सर्व्हर सुरू करायच्या आज्ञेत, ठोकून दिला होता. कुणाला विचारलं नव्हतं. जेवायची घाई होती, म्हणून पाच.

सोमवारी मी मॅनेजरसमोर उभी. त्यांना आम्ही पाठीमागे बघूसाहेब म्हणतो, कारण कशालाही त्यांचं एकच उत्तर असतं.

"तुमच्या आत्यांच्या सर्व्हरवर हाताने बदला आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले.

"शनिवारी अपडेट आहे. सर्व्हर साच्यावरून नव्याने बनेल आणि हाताने केलेलं सगळं धुऊन जाईल."

"मग सगळ्यांनाच पंधरा करा."

"उद्या कुणाला वीस लागतील. साच्यात आकडाच नको, साहेब. तिथे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवते. म्हणजे नाव दिलेली रिकामी जागा. ज्याला हवा तो आकडा त्याने भरावा."

"ग्राहक काय वाट्टेल ते भरतील. बघू."

"आत्ताच बघा," म्हणून मी त्यांची चाकांची खुर्ची त्यांच्यासकट माझ्या टेबलापाशी ओढली.

अॅडमिन पॅनलमध्ये मी नवीन व्हेरिएबल जोडला. नाव दिलं, खाली दोन ओळींत माहिती लिहिली, काहीच न भरणाऱ्यांसाठी पाच ठेवले. एक ते साठपर्यंतचाच पूर्ण आकडा चालेल, असा नियम घातला. 'ग्राहकाला दिसेल' आणि 'ग्राहकाला बदलता येईल' या दोन्ही चौकोनांत खूण केली. मग सुरुवातीच्या आज्ञेतला तो निर्लज्ज पाच पुसून तिथे व्हेरिएबलचं नाव लिहिलं.

चाचणीच्या सर्व्हरवर एक भरून मी हाताची घडी घातली. साठ सेकंदांत बाहेर! हाकललं गेल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. मग वीस भरले, आणि आम्ही दोघं एका निश्चल बाहुलीकडे टक लावून बसलो. बघूसाहेबांना फोनला हात न लावता इतका वेळ बसलेलं मी प्रथमच पाहिलं. एकोणिसाव्या मिनिटालाही बाहुली आत होती.

"करा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकून पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवल्या.

शनिवारी अपडेट गेलं, सगळ्या ग्राहकांना कळवलं. आत्याला मी वेगळं काही सांगितलं नाही. रविवारी साडेनऊला तिचा फोन आला.

"तुमच्या पानावर नवीन रकाना आलाय. 'खेळाडू किती मिनिटं निष्क्रिय राहिल्यास बाहेर काढावा.' कुणी लिहिलं हे?"

"मी."

"मी निष्क्रिय नसते. मी दगड बसवत असते."

"मग काय लिहू?"

"खेळाडूची किती मिनिटं वाट पाहायची, असं लिही."

फोन खांद्याने कानाशी दाबून मी तिथल्या तिथे बदल केला.

"आता बरोबर," ती म्हणाली. "हे फक्त मला आहे का?"

"सगळ्यांना. साचाच बदललाय."

"मग मी तीस भरते."

आत्याकडे निघता निघता मी पॅनल उघडून पाहिलं. एका दिवसात दोनशे चौदा ग्राहकांनी तो आकडा बदलला होता, आणि जवळजवळ सगळ्यांनी वाढवलाच होता. इतकी माणसं मी दोन वर्षं बाहेर हाकलत होते!

मी पोहोचले तेव्हा तिसऱ्या कमानीत एकच दगड बाकी होता. चार बाहुल्या बाजूला सरकून उभ्या होत्या. आत्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. बाण दगडाच्या जागेवर यायचा, घसरायचा, पुन्हा यायचा. पाच मिनिटं झाली. सहा झाली, सात झाली. आत्या आतच होती.

मग टक् असा आवाज आला आणि कमान जुळली. हेडफोनमधून चौघांचा असा गलका उठला की आत्याने हेडफोन कानांवरून काढून टेबलावर ठेवला. मी ढसाढसा रडत होते, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

"अकरा मिनिटं."

"बत्तीस वर्षं," ती म्हणाली, आणि बाहुलीला पुलावरून चालवत सावकाश पलीकडे घेऊन गेली.